तिसऱ्या डब्यातली हाक

१

तिसरा डबा रिकामा होता.

तेओफिलने तो उलटा करून झटकलासुद्धा, तळाला चिकटलेली साखर पाडावी तसा. परातीएवढं रीळ डब्याच्या तळाला चिकटून राहत नाही हे त्याला समजत नव्हतं असं नाही, पण माणूस गोंधळला की हात आपले काहीतरी करत राहतात. पोलंडमधल्या वूच शहरातल्या 'रुसाल्का' चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवण्यात त्याची उभी हयात गेली होती. फिल्म तुटलेली पाहिली होती, जळलेली पाहिली होती, उलटी लागून घोडे मागे पळतानाही पाहिले होते. चोरीला गेलेली तो आज पहिल्यांदाच पाहत होता.

चोरीही भलत्याच चित्रपटाची. 'दोरीची नाव' हा चित्रपट बनला आणि लगेच सरकारी फळीवर जाऊन पडला. नदीचा पलीकडचा किनारा नेमका कोणत्या देशाचा, यावरून वरच्या साहेबांना तो खटकला होता. पंचवीसेक वर्षं तो कोणी पाहिला नाही. आता राजवट बदलली, फळ्या झाडल्या गेल्या, आणि धुळीतून पाच डबे निघाले. ही एकच प्रत. येत्या रविवारी दुपारी ती पहिल्यांदा लोकांसमोर लागणार होती, ती नायकासाठी नाही, तर त्यात नावाड्याचं दुय्यम काम केलेल्या कायेतान स्रोकाच्या सत्कारासाठी. त्याचा सगळा प्रसंग तिसऱ्या रिळात होता.

खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर तेओफिलने सकाळी पोंच्कींचा पुडा ठेवला होता. तो लठ्ठ गुरुवार होता, ईस्टरच्या मोठ्या उपवासाआधीचा. त्या दिवशी ज्याच्या पोटात गुलाबाच्या मुरंब्याची एकतरी तळलेली पोंच्की गेली नाही त्याचं वर्ष वाईट जातं, असं सगळा देश मानतो. आता तो पुडा चपटा झाला होता आणि कागदाच्या कडेने मुरंबा ओघळून खुर्चीच्या पायापर्यंत आला होता. चोर रीळ घेऊन गेला होता आणि जाण्याआधी पोंच्कींवर बसला होता.

तेओफिलने खाली जाऊन हे कोट सांभाळणाऱ्या गेनोवेफाला सांगितलं. म्हणजे गावालाच सांगितलं.

२

शुक्रवारी सकाळी ओतिलिया स्रोका शेजारच्या बोग्नाबाईंच्या दारात उभी राहिली. उंबऱ्याबाहेरून बोलायचं नसतं म्हणून आधी आत आली, मग बोलली.

बोग्ना पिएलाश सरकारी वकिलाच्या कचेरीत तपासनीस होत्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्यातली भोकं मोजायची खोड काही निवृत्त झाली नव्हती. नवरा गेलेला, मुलगी परदेशी, आणि जिभेला धार. इमारतीतले लोक त्यांना जरा दबून असत. ओतिलिया मात्र नव्हती. दोघी एकाच जिन्यावर म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"बोग्ना, ते रीळ शोधून दे," ओतिलिया म्हणाली.

बोग्नाबाईंनी काचेच्या पेल्यात चहा ओतला, लिंबाची चकती टाकली आणि म्हणाल्या की पोलिसांत जा, त्यांना पगार मिळतो. ओतिलियाने मान हलवली. पोलीस येतील, कागद करतील आणि रविवार निघून जाईल. तिला रविवारीच हवं होतं.

कायेतानला सगळं पोलंड ओळखत होतं आणि त्याचं नाव कोणालाच सांगता येत नव्हतं. आयुष्यभर त्याने पडद्यावर दारं उघडली, म्हणजे मग नायक आत येई. तो पोस्टमन झाला, कंडक्टर झाला, पाद्री झाला. युद्धपटांत तर तो दोन्ही बाजूंनी लढून दोन्ही बाजूंनी मेला. दिग्दर्शकांचा लाडका, कारण बोलावलं की यायचा, सांगाल तिथे मरायचा आणि टोपी परत देऊन घरी जेवायला जायचा. मटणवाल्याच्या रांगेत बायका त्याला म्हणत, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय, तुम्ही आमच्या वहिनींच्या गावचे का? तो म्हणे, हो, तिथलाच.

लांबलचक बोलणं त्याच्या वाट्याला एकदाच आलं, ते 'दोरीची नाव'मध्ये. बुडालेल्या मुलाला काठावरून हाका मारणारा नावाडी. आणि चित्रीकरण संपल्यावर महिनाभरात त्याचा स्वतःचा मुलगा, दहा वर्षांचा आंतोश, तापाने गेला.

कायेतान रडला नाही. त्या दिवसापासून त्याने मुलाचं नावही तोंडातून काढलं नाही. नोव्हेंबरात सगळं गाव कबरींवर दिवे लावायला जातं तेव्हा तो दिवा लावायचा आणि मुका उभा राहायचा. ओतिलियाला वाटे, दगड पदरात पडलाय. एकदा ती भांडता भांडता तसं बोललीसुद्धा. तेव्हा तो म्हणाला होता, "मी त्याला हाक मारलीय, ओतिलिया. त्या सिनेमात मारलीय. आवाज भरताना. नावाडी 'बाळा' म्हणतो ना, तेव्हा मी आपल्या पोरालाच बोलावत होतो." एवढ्या एका वाक्यावर तिने पंचवीस वर्षं संसार रेटला, असं ती म्हणाली. आता कायेतानचे डोळे गेले होते, तिची कंबर गेली होती, आणि ते वाक्य तेवढं शाबूत होतं.

"मला ते एकदा ऐकायचंय," ती म्हणाली. "बाकी काही नको."

बोग्नाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या सज्जात दोरीवर कायेतानची करडी पँट वाळत घातली होती आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत लाकडासारखी ताठ झाली होती. शोधते, एवढंच त्या म्हणाल्या.

३

'रुसाल्का'चं पहिलं ठाणं म्हणजे गेनोवेफा. तिच्या कठड्याशी कोट उतरवून पितळी बिल्ला घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायची कोणाची टाप नव्हती. खुद्द पोप आला तरी बिल्ला घेऊनच आत जाईल, असं ती अभिमानाने सांगे.

तिच्या हिशेबात गुरुवारी दुपारी चित्रपटगृहात बाहेरची तीनच माणसं होती, रविवारच्या समारंभाची बोलणी करायला आलेली. चित्रपटाचा दिग्दर्शक लुदोमिर, कायेतानचा जुना नटमित्र विक्तोरिन आणि कायेतान स्वतः. तिघांना कार्यालयात कॉफी दिली होती. मधल्या वेळात तिघेही कधी ना कधी उठून गेले होते. म्हाताऱ्या माणसांना कॉफी दिली की ती उठणारच, असं गेनोवेफाचं मत होतं. तेओफिल त्या सुमारास तळघरात बॉयलरशी झटापट करत होता.

"आणि जाताना?" बोग्नाबाईंनी विचारलं.

"जाताना मी स्वतः कोट चढवले एकेकाच्या अंगावर. या अंधूक दिव्यात चेहरा दिसत नाही नीट, पण परातीएवढं रीळ कोणाच्या बगलेत असतं तर हाताला लागलं असतं की. काही गेलं नाही इथून बाहेर." मग तिने समोरच्या दाराकडे बोट केलं. त्यातून जिना वर प्रोजेक्टरच्या खोलीत जात होता आणि दाराच्या डोक्यावर काचेची पट्टी होती. वर दिवा लागला की ती पट्टी पिवळी होते. काल दुपारभर ती काळीच होती. "म्हणून म्हणते, वर कोणी गेलंच नाही. खिडकी नाही वर, दिव्याशिवाय स्वतःचा हात दिसत नाही. त्या तेओफिलनेच कुठेतरी ठेवलं असणार. विसराळू मेला."

विसराळू तेओफिल वर संतापून बसला होता. रिळापेक्षा पोंच्कींचं बोललं की त्याचा आवाज चढत होता. खोलीत दोन वाटा होत्या. एक गेनोवेफासमोर उतरणारी, दुसरी लोखंडी गोल जिन्याने प्रेक्षागृहाच्या मागच्या कोपऱ्यात उतरणारी. डबे नेहमीप्रमाणे क्रमाने एकावर एक रचलेले होते. कुलूप कधीच नसे.

"पुडा खुर्चीवर का ठेवलात?"

"ठेवायला दुसरी जागा कुठाय? आणि ती कायेतानसाहेबांचीच खुर्ची. गुरुवारचे येतात, बसतात, पिक्चर ऐकतात. म्हटलं आले की देईन. त्यांच्यासाठीच आणल्या होत्या. आता बघा, साल्याला बूड टेकायला तीच जागा सापडली."

बोग्नाबाईंना नेमकं तेच खटकत होतं. चोर घाईत असतो. घाईतला माणूस सांडेल, पाडेल, तुडवेल. पण बसेल कशाला?

४

लुदोमिर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाराव्या मजल्यावर राहत होता. भिंतींवर त्याच्याच चित्रपटांची चित्रं होती आणि बोलण्यातही बहुतेक तोच होता. कॉफी त्याने चांगली केली. चोरीबद्दल ऐकून त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

"हरवलंय तर हरवू द्या," तो म्हणाला.

स्वतःच्या पोरासारख्या चित्रपटाबद्दल कोणी असं बोलतं का, असं बोग्नाबाईंनी विचारलं. मग तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. नंतर जे बोलला त्यात तो स्वतः फारसा नव्हता.

नदीवर कॅमेऱ्याची घरघर इतकी होती की आवाज तिथे घेतलाच नव्हता. तेव्हा सगळेच तसं करत. चित्र आधी, आवाज नंतर, स्टुडिओत. फिल्मचा तुकडा गोल जोडून पुन्हा पुन्हा फिरवायचे, नट समोर उभा राहून स्वतःच्याच ओठांवर बोलायचा. कायेतान आला तेव्हा त्याच्या बाहीवर मुलाच्या शोकाची काळी फीत होती. लुदोमिरने त्याला सांगितलं, आपण पुढे ढकलू. तो म्हणाला, नको.

"तुकडा फिरायला लागला. पडद्यावर त्याचंच तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं. आणि तो माइकसमोर उभा. एक शब्द निघेना. आम्ही थांबवलं नाही, कोणालाच थांबवायचं सुचेना. किती वेळ फिरत होतं ते. मग त्याने टोपी घेतली. विक्तोरिन तिथेच होता, त्याची स्वतःची दोन वाक्यं भरायला आलेला. कायेतान त्याला म्हणाला, 'तू बोल. माझ्यासारखं बोल. कोणाला सांगू नकोस.' आणि गेला."

बोग्नाबाईंनी पेला खाली ठेवला. म्हणजे ओतिलिया जिच्यासाठी रविवारची वाट पाहत होती, ती हाक तिसऱ्या डब्यात नव्हतीच. कधीच नव्हती. तिथे विक्तोरिनचा आवाज होता.

त्यांना तिथून निघायचं होतं. त्या निघाल्या, लिफ्टपर्यंत गेल्या आणि हातमोजे विसरले म्हणून परत आल्या. लुदोमिरने मोजे दिले, पण वाट सोडली नाही. देव न मानणारा, पाद्र्यांची टर उडवणारा तो माणूस खुर्चीकडे बोट दाखवत होता.

"बसा की क्षणभर. परत फिरलात ना? नाहीतर रस्त्यात बर्फावर पाय मोडाल, नि नाव माझं होईल."

बोग्नाबाई मुकाट्याने बसल्या. लहानपणापासून प्रत्येक जण बसतो. विसरलेल्या वस्तूसाठी परत यावं लागलं तर टेकायचं, मगच पुन्हा निघायचं. त्यात विचार कोण करतो? पाय आपले आपणच वाकतात. त्या खुर्चीवरच थबकल्या आणि गुरुवारच्या दुपारी पोंच्कींवर कोणीतरी का बसलं ते त्यांना कळलं.

चोर काहीतरी विसरला होता, आणि ते घ्यायला परत आला होता.

५

शनिवारी सकाळी विक्तोरिन स्वतःच आला. हातात कार्नेशनची पाच फुलं होती, डोक्यावरची टोपी दारातच काढलेली. त्याने आयुष्यभर विनोदी कामं केली होती. त्यामुळे तो गंभीर झाला की आधी हसूच यायचं आणि मग आपण हसलो याची लाज वाटायची.

"बोग्नाबाई, चोर मी आहे," तो म्हणाला. "लुदोमिरने सांगितलंच असेल तुम्हाला. आवाज माझा. भर सभेत बिचाऱ्याचं हसं होऊ नये म्हणून मी नेलं."

"बसा. कसं नेलंत?"

"कसं म्हणजे? वर गेलो, दिवा लावला, तिसरा डबा उघडला."

"आणि रीळ कुठाय?"

"नदीत फेकलं."

बोग्नाबाईंनी त्याच्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "विक्तोरिन, वूचमध्ये नदी कुठली? होत्या नव्हत्या त्या गिरणीवाल्यांनी आपल्या आजोबांच्या वेळीच जमिनीखाली गाडल्या."

"मग तळ्यात. बागेतल्या तळ्यात."

"तळं गोठलंय. परवा त्यावर पोरं स्केटिंग करत होती."

तो टोपी फिरवत राहिला. बोग्नाबाईंनी विचारलं, तिथे बसलात कशाला? तो म्हणाला, कुठे बसलो? पोंच्कींचं त्याच्या गावीही नव्हतं. दिवा तर लागलाच नव्हता, गेनोवेफाची काच दुपारभर काळी होती. तो धडधडीत खोटं बोलत होता, आणि इतकं वाईट की एवढी वर्षं याला नट म्हणून पगार कोणी दिला असा प्रश्न पडावा.

जाताना तो दारात थांबला. "बाई, मी चोर नाही असं तुम्ही ठरवलंच असेल, तर पुढे शोधू नका. पाया पडतो तुमच्या."

६

बोग्नाबाईंना आता शोधायचं फारसं उरलं नव्हतं. त्या 'रुसाल्का'त गेल्या, कोट देऊन बिल्ला घेतला आणि तेओफिलला बाहेर काढून प्रोजेक्टरच्या खोलीत दार लावून दिवा मालवला.

अंधार डोळ्यात बोट घातलं तरी कळू नये असा होता. त्यांनी डबे चाचपले. वरून एक, दोन, तीन. सापडला. तो रिकामाच, म्हणून चौथ्यातलं रीळ बाहेर काढून पाहिलं, तर दोन्ही हात लागत होते. मग हातात दुसरं काही धरता येत नव्हतं. समजा काठी असेल, तर ती खालीच ठेवावी लागेल. आणि लोखंडी जिना उतरून, हातातलं ओझं लपवून मोकळं झाल्यावर त्या काठीची आठवण होईल. मग तिच्यासाठी परत वर यायचं. परत आलं की टेकायचं. आणि आपली रोजची खुर्ची तिथेच, आपल्या ठरलेल्या जागी.

डोळस माणसाला दिवा लागला असता, आणि दिवा लावला असता तर पुडा दिसला असता. ज्याला दिवा असून नसून सारखा, तोच अंधारात तिसरा डबा बिनचूक काढेल आणि मुरंब्यावर बसेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं स्वतःशीच म्हणत बोग्नाबाई लोखंडी जिना उतरल्या. पायरी संपली तिथे, मागच्या भिंतीला टेकून, मूकपटांच्या काळातला जुना पियानो होता. त्यांनी एकेक पट्टी दाबत नेली. मधल्या काही पट्ट्या मुक्या निघाल्या. झाकण उचललं तर तारांवर रीळ निजलं होतं.

कायेतान घरी एकटाच होता, खिडकीजवळ, रेडिओ बंद करून. ओतिलिया दुकानात गेली होती. बोग्नाबाईंचं पाऊल ओळखून तो हसला.

"सापडलं?"

"पियानोत."

"मला वाटलं होतं, सोमवारपर्यंत टिकेल. सोमवारी परत डब्यात ठेवणार होतो." त्याने काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. "या शहाणीने घोटाळा केला. वर राहून गेली."

त्याच्यावर रागवायचं असं बोग्नाबाई जिन्यात ठरवून आल्या होत्या. ते काही जमलं नाही. त्यांनी विचारलं, का?

"तुम्हाला ठाऊकच आहे का ते. लुदोमिर पोटात काही ठेवत नाही." बराच वेळ तो काठीवरून अंगठा फिरवत राहिला. "बाई, मी आयुष्यभर लोकांच्या नावाने हाका मारल्या. गाडी आली म्हणून ओरडलो, जर्मन आले म्हणून ओरडलो. मेलो तेव्हासुद्धा 'आई' म्हणून मेलो, कधी या भाषेत, कधी त्या. पैसे घेऊन. आणि स्वतःच्या पोराला हाक मारायची म्हटली, तर वाटलं, हे पण पैसे घेऊनच का? पडद्यावरचा तो मेला तोंड उघडून माझ्याकडे बघत होता. घशात काहीतरी अडकलं. ते अजून तिथेच आहे."

"आणि ओतिलियाला सांगितलंत की मारली."

"ती रडत होती हो. काय सांगू? त्या सिनेमाला फळीवर टाकणाऱ्या साहेबांना मी मनातून आशीर्वाद देत आलोय. कोणी पाहणार नाही, कोणी ऐकणार नाही, म्हटलं सुटलो. आता स्वातंत्र्य आलं नि माझी फजिती झाली." तो पुन्हा हसला, आणि ते हसू पाहवलं नाही. "तुम्ही सांगा तिला. माझ्यानं होणार नाही. सांगा की म्हातारा खोटारडा निघाला."

७

ओतिलिया जिन्यातच भेटली, पिशवीत बटाटे आणि आंबट कोबी. बोग्नाबाईंनी पिशवी घेतली आणि तिला आपल्या स्वयंपाकघरात बसवलं. रीळ मिळालं, एवढं सांगितलं. बाकीचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण दोन दिवस डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्यांना आत्ता दिसली होती.

"ओतिलिया, आपल्या इमारतीत कपडे माळ्यावर वाळतात. तुझी पाळी सोमवारी. मग शुक्रवारी सकाळी, एवढ्या थंडीत, सज्जात एकटी पँट कशाला धुऊन टाकलीस?"

ओतिलियाने कोटाची बटणं सोडायला घेतली.

"मागच्या बाजूला मुरंबा होता. गुरुवारी संध्याकाळी तो आला तेव्हाच तू पाहिलास. आणि जिन्यात गेनोवेफाची बातमीही तोवर आली असेल, की चोर पोंच्कींवर बसला. माझ्याकडे आलीस तेव्हा चोर कोण हे तुला ठाऊक होतं."

"होतं," ओतिलिया म्हणाली.

"मग मला कशाला पळवलंस?"

"तू शोधून काढलंस म्हणजे त्याला बोलावं लागेल म्हणून. मी विचारलं असतं तर पुन्हा काहीतरी गोड खोटं बोलला असता." तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि मांडीवर घडी घालत बसली. "तुला सांगते. कुठल्याही कामात दोन वाक्यं जरी ओरडला, तरी घरी यायचा तेव्हा याचा घसा बसलेला असायचा. मी आधीच दूध-मध करून ठेवायची. या सिनेमाचा आवाज भरायला गेला त्या दिवशीपण ठेवलं होतं. आला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, 'दूध नको, चहा दे.' मला तेव्हाच कळलं, हा कोणालाही हाका मारून आलेला नाही. नंतर भांडणात मला म्हणाला की मारल्या. म्हटलं, असू दे. मेलेल्या पोराच्या नावाने खोटं बोलायची पाळी आली माणसावर, तर त्याची जखम किती खोल असेल. मी विश्वास ठेवल्यासारखं केलं."

"इतकी वर्षं?"

"तो मला सांभाळत होता, मी त्याला. नि मधल्यामधे आंतोशचं नाव कोणीच घेतलं नाही, बोग्ना. दोघं मरून जाऊ, मग कोण घेणार? मला ऐकायचंय म्हटलं ते खरंच. विक्तोरिनचा आवाज लागला असता, मी याचा हात धरला असता आणि म्हटलं असतं, मला माहितेय, आता तू बोल. म्हणून रविवार हवा होता."

बोग्नाबाईंनी आयुष्यात पुष्कळांना रडताना पाहिलं होतं, बहुतेक टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. आज त्या अलीकडे बसून रडल्या. मग ओतिलियाने डोळे पुसले आणि तेओफिलला एक निरोप द्यायला सांगितला.

रविवारी 'रुसाल्का' भरलं होतं. गेनोवेफाचे बिल्ले संपले. भाषणं झाली, टोपलीभर फुलं आली, लुदोमिर स्वतःबद्दल आणि थोडंसं कायेतानबद्दल बोलला. मग अंधार झाला. कायेतान ओतिलियाशेजारी ताठ बसला होता. बोग्नाबाईंनी हिला सगळं सांगितलंय, एवढं त्याला माहीत होतं. आता विक्तोरिनचा आवाज येईल आणि तो हिच्याशेजारी बसून ऐकावा लागेल, असंच त्याला वाटत होतं.

पहिलं रीळ गेलं, दुसरं गेलं. तिसरं लागलं आणि आवाज थांबला. पडद्यावर नदी होती, धुकं होतं आणि काठावर तरुण कायेतान, नावाड्याच्या कातडी टोपीत. फक्त प्रोजेक्टरची घरघर ऐकू येत होती.

"आवाज गेला का?" कायेतान कुजबुजला.

"मी बंद करायला सांगितलाय," ओतिलिया म्हणाली. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मला ठाऊक होतं रे. त्या दिवसापासून. तू दूध नको म्हणालास ना, तेव्हापासून." आणि जरा थांबून, "आता तुझं तोंड उघडलंय. तू हाका मारतोयस."

मागच्या रांगेतून बोग्नाबाईंना दोघांची डोकी तेवढी दिसत होती. पडद्यावर नावाडी ओरडत राहिला, बिनआवाजाचा, मान मागे टाकून, पुन्हा पुन्हा. लोकांना वाटलं, चित्रपट असाच आहे. खाली कायेतान गप्प होता. मग नावाड्याचं तोंड मिटलं. तो वळला, नावेच्या दोराकडे चालू लागला आणि चित्राबाहेर गेला. रिकामी नदी राहिली. वेळ निघून गेली असं बोग्नाबाईंना वाटलं.

"आंतोश," कायेतान म्हणाला.

पहिल्यांदा कोणी खोकलं असं वाटावं, इतकं घोगरं. मग पुन्हा, मोठ्याने. पडद्यावर कोणाचेच ओठ हलत नव्हते. हाक धुक्यावर, पाण्यावर, सगळ्या सभागृहावर पसरली आणि कोणीही मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या रांगेत विक्तोरिनने तोंड टोपीत घातलं होतं. कायेतानचं अंग थरथरत होतं. तेव्हा मधल्या वाटेने गेनोवेफा आली. जन्मात तिने कोणाला आत कोट आणू दिला नव्हता. तिने त्याचा कोट आणून त्याच्या खांद्यांवर घातला आणि आली तशी गेली.

वर तेओफिलच्या हातात चौथं रीळ तयार होतं. त्याने ते लावलं नाही. तिसरं संपलं आणि पडदा पांढरा झाला.

"पुन्हा म्हण," ओतिलिया म्हणाली. "मीही म्हणते."